आवाजावर चालणारा घरगुती फ्लॅश ट्रिगर : आपोआप पडतो, दोनदा पडतो, नाहीतर एकदा पडून रुसून बसतो

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, आणि मी मागच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून अंधारात बसलेलो. टेबलावर वाटी, वाटीच्या काठावर आडवा ठेवलेला ज्वारीचा बिबडा (पापडासारखं वाळवण), आणि हातात बेअरिंगमधली एक लोखंडी गोळी. गोळी सोडायची, बिबडा फुटायचा, फुटल्याच्या आवाजानं फ्लॅश पडायचा आणि तुकडे हवेत थांबलेले दिसायचे, असा बेत होता.

प्रत्यक्षात गोळी हातात असतानाच फ्लॅश पडला. पुन्हा पडला. मग बिबडा खरोखर फुटला तेव्हा काहीच झालं नाही. त्या रात्री नऊ बिबडे गेले. दारात उभी राहून माय म्हणाली, "बिबडा खावाले करेल शेतस, फोडाले नही."

माझा ट्रिगर हा असाच वर्षभर त्रास देत होता. संध्याकाळी जुळवून ठेवावा, दुसऱ्या दिवशी बिघडलेला. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "मॉड्यूलवरचा निळा पॉट थोडा फिरव." पॉट म्हणजे संवेदनशीलता कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर. मी तो इतका फिरवला की त्याच्या स्क्रूची खाच झिजली. आज ट्रिगर नीट चालतोय, आणि पॉटला मी कित्येक महिन्यांत हात लावलेला नाही. बिघाड एक नव्हता, चार-पाच होते, आणि वरून सगळे सारखेच दिसत होते. ते एकेक करून कसे वेगळे काढले ते लिहितो.

माझी जोडणी नेहमीचीच आहे. एलएम३९३ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) असलेलं छोटं साउंड सेन्सर मॉड्यूल, त्याचं डिजिटल आउटपुट आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डच्या डी२ पिनला, नॅनोच्या दुसऱ्या पिनवरून रेझिस्टरमार्गे ऑप्टोकप्लर (विजेऐवजी उजेडानं संकेत पलीकडे देणारा स्विच), आणि ऑप्टोकप्लरच्या पलीकडे फ्लॅशची सिंक वायर, म्हणजे जिची दोन टोकं जुळली की फ्लॅश पडतो ती. कॅमेरा बल्ब मोडवर, खोलीत अंधार. शटर आधीच उघडं असतं, चित्र फ्लॅशच्या उजेडानंच उमटतं. आवाजानं शटर उघडायचा नाद सोडा. डीएसएलआरचं शटर उघडेपर्यंत पन्नासेक मिलिसेकंद सहज जातात आणि तोवर हवा तो क्षण निघून गेलेला असतो. अमेरिकन अभियंता-छायाचित्रकार हॅरॉल्ड एजर्टन यांचं सफरचंदातून आरपार गेलेल्या गोळीचं १९६४ सालचं छायाचित्र याच युक्तीचं आहे. अंधार, उघडा कॅमेरा, आणि आवाजानं पेटणारा अगदी क्षणिक उजेड.

आधी फ्लॅश काढून ठेवा

ही पायरी मी वर्षभर टाळली. फ्लॅश सोडवा, आणि नॅनोच्या ज्या पिनवरून ऑप्टोकप्लर चालतो तिथे रेझिस्टर लावून एक एलईडी जोडा. प्रोग्राममध्ये ट्रिगर झाला की एलईडी अर्धा सेकंद पेटेल असं करा. मग खोलीत शांत बसा. दोन मिनिटं नाही, पंधरा मिनिटं.

एलईडी काही आवाज नसताना पेटला, तर दोष माइक, मॉड्यूल किंवा वीजपुरवठ्यात आहे. फ्लॅशचा काही संबंध नाही. एलईडी शहाण्यासारखा वागतो, पण फ्लॅश जोडला की वेड लागतं, असं असेल तर फ्लॅशच उलटा ट्रिगरला डिवचतोय. आणि एलईडी दर टाळीला बरोबर पेटतो, पण फ्लॅश पडत नाही किंवा एकदा पडून गप्प होतो, तर दोष ऑप्टोकप्लरच्या पलीकडे. मॉड्यूलला हात लावू नका.

माझ्याकडे तिन्ही प्रकार एकाच वेळी होते, म्हणून तर गोंधळ.

काही आवाज नसताना पेटतो

पहिला संशय विजेवर घ्या. या स्वस्त मॉड्यूलमध्ये इलेक्ट्रेट माइकला लागणारा व्होल्टेज त्याच ५ व्होल्टच्या लाइनवरून एका रेझिस्टरमधून येतो, आणि पॉट ज्या पातळीशी तुलना करतो ती पातळीही त्याच लाइनवरून निघते. म्हणजे लाइन हलली की माइक काही न ऐकताच "ऐकू आलं" म्हणतो. साध्या मोबाइल चार्जरवर माझा एलईडी मिनिटाला दोन-तीनदा पेटायचा. लॅपटॉपच्या यूएसबीवर बरा असायचा, पण लॅपटॉपला चार्जर लावला की पुन्हा सुरू. आणि लाइट जाऊन इन्व्हर्टर चालू झाला की विचारूच नका. घरच्या पंख्याला घरघर आणणारा तो चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर एलईडीला सतत पेटवून ठेवायचा.

उपाय सोपा निघाला. एए आकाराचे चार रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल एका ओळीत, म्हणजे ४.८ व्होल्ट, थेट नॅनोच्या ५ व्होल्ट पिनला. शिवाय मॉड्यूलच्या पुरवठ्यात १०० ओहमचा रेझिस्टर, आणि त्यानंतर मॉड्यूलच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मॉड्यूल मोजके मिलिअँपिअरच खातं, त्यामुळे रेझिस्टरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपासच जातो. पण चार्जरमधून येणारी १०० हर्ट्‌झची गुणगुण जवळपास तिसाव्या हिश्श्यावर येते.

सेलऐवजी पॉवर बँक लावायचा मोह होईल, मलाही झाला. नॅनो एवढी कमी वीज ओढतो की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही. अर्ध्या मिनिटात त्या स्वतःच बंद होतात. "ट्रिगर थोड्या वेळानं आपोआप मरतो" ही तक्रार असेल तर आधी पॉवर बँकेचा दिवा बघा.

आता तो "काल जुळवलं, आज बिघडलं" प्रकार. यानं मला सगळ्यात जास्त छळलं. अशा बऱ्याच मॉड्यूलमध्ये माइक आणि कंपॅरेटर यांच्यामध्ये अँप्लिफायर नसतो, आणि अडसर म्हणून कपॅसिटरही नसतो. माइकवरचा स्थिर व्होल्टेज आणि पॉटनं ठरवलेला व्होल्टेज यांत केसाएवढं अंतर ठेवायचं, आवाजानं ते अंतर ओलांडलं की ट्रिगर. नाजूक आवाजासाठी अंतर आणखी कमी करावं लागतं. पण माइकच्या पोटात एक छोटा फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असतो आणि त्यातून वाहणारी वीज तापमानाप्रमाणे सरकते. आमच्या चाळीसगावात वैशाखात दुपारी ४३-४४ अंश, आणि मध्यरात्री गच्चीवर पांघरूण घ्यावंसं वाटतं. रात्री अकराला केसाएवढं ठेवलेलं अंतर दुपारी तीनला राहीलच कसं? सेल उतरत गेले तरी तेच होतं. पॉट फिरवून ते तात्पुरतं बरं वाटतं आणि माणूस समजतो की सापडलं.

फुगा, टाळी, फुटणारा माठ असे दणकट आवाज असतील तर पॉट सैल सोडा, अंतर मोठं ठेवा आणि विसरून जा. मॉड्यूल चांगलं काम देतं. बिबडा, पापड, भुईमुगाची शेंग, काचेची बांगडी असले बारीक आवाज टिपायचे असतील तर मात्र या मॉड्यूलशी भांडू नका. त्याचा उपाय खाली पिझोच्या भागात आहे.

दुसरा संशय खऱ्याखुऱ्या आवाजावर. हसू नका, पण "काही आवाज नाही" असं आपल्याला वाटतं तेव्हा घरात कूलर चालू असतो. उन्हाळ्यात आम्हाला तो ऐकूच येत नाही, इतका अंगवळणी पडलेला असतो. माइकवर कूलरचा वारा आला की तो वारा म्हणजेच आवाज. माइकवर स्पंजची टोपी घाला, नाहीतर कूलर पाच मिनिटं बंद करून घाम गाळा. मी दोन्ही करतो. झोक्यावरची गाणी आणि टाळ्या यांना काही उपाय नाही. भाच्याला तर एव्हाना कळलं होतं की दाराबाहेर टाळी वाजवली की मामा आत ओरडतो.

आणि रिले. काही जण ऑप्टोकप्लर मिळत नाही म्हणून रिले मॉड्यूल लावतात. रिलेला जुळायला पाच ते दहा मिलिसेकंद लागतात, हा एक तोटा. दुसरा गमतीचा आहे. रिले "टक" वाजतो, तो टक माइक ऐकतो, आणि पुन्हा रिले वाजतो. मी एकदा ट्रिगरला स्वतःशीच दहा मिनिटं गप्पा मारताना पाहिलंय.

फ्लॅश जोडला की वेड लागतं

याची खूण फोटोतच दिसते. एका तुकड्याच्या दोन कडा, दोन फिकट प्रतिमा, जणू फोटो हलला. तो हललेला नसतो, फ्लॅश दोनदा पडलेला असतो. पॉवर १/६४ वर असली की फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये भरपूर शिल्लक असते, म्हणून लगेच दुसऱ्यांदा पडायला त्याला काही अडचण नसते. फुल पॉवरला हा दोष झाकला जातो, कारण दुसऱ्यांदा पडायला चार्जच उरत नाही. म्हणून काही जण सांगतात, "फुल पॉवरला व्यवस्थित चालतो, पॉवर कमी केली की बिघडतो."

फ्लॅश पडताना झेनॉनच्या नळीला पेटवण्यासाठी एक छोटी कॉइल काही हजार व्होल्टचा झटका देते. तो झटका आजूबाजूच्या प्रत्येक वायरमध्ये थोडा थोडा उमटतो. माझी दीड मीटरची माइकची वायर आणि दोन मीटरची सिंक वायर एकाच रबरबँडनं बांधलेली होती, नीटनेटकी दिसावी म्हणून. हा नीटनेटकेपणा महागात पडला.

पण वायरी वेगळ्या करूनही दोष पुरता गेला नाही. तीन आठवडे डोकं खाजवल्यावर सापडलं ते लिहायलाही लाज वाटते. आर्डुइनो शिकताना पहिला धडा असतो, "सगळे ग्राउंड एकत्र जोडा." मी इमानेइतबारे फ्लॅशच्या सिंक वायरचा निगेटिव्हही नॅनोच्या ग्राउंडला जोडून ठेवला होता. ऑप्टोकप्लर लावायचं एकमेव कारण हेच की दोन्ही बाजूंत विजेचा संबंध नको, मधे फक्त उजेड जावा. मी मागच्या दारानं तोच संबंध जोडून दिलेला. ती एक वायर काढली आणि दुहेरी प्रतिमा निम्म्याहून जास्त थांबल्या. तुमच्या ब्रेडबोर्डवर बघा, ऑप्टोकप्लरच्या आउटपुटकडून एकही वायर इनपुटच्या बाजूला जाता कामा नये. मल्टिमीटरची कंटिन्युटी लावून तपासा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि तपासताना फ्लॅश सोडवून ठेवा.

उरलेलं असं केलं. माइकसाठी शिल्डेड वायर घेतली, जुन्या कॉलर माइकची. तिची जाळी फक्त मॉड्यूलच्या टोकाला ग्राउंड केली. माइकच्या दोन पायांत ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर बसवला, मात्र हा माइकचा बारीक आवाजही बराच खातो, म्हणून नाइलाज असेल तरच. फ्लॅश मॉड्यूलपासून निदान एक मीटर लांब नेला. फ्लॅश चार्ज होतानाची बारीक शिट्टीही माइकला ऐकू जाते, त्यासाठीही हे अंतर बरं.

मग प्रोग्राममध्ये कुलूप घातलं. एकदा ट्रिगर झाला की पुढचे दोन सेकंद काहीही ऐकायचं नाही. आणि इथे एक नवीन भूत उभं राहिलं. फ्लॅश पडायचा, आणि बरोबर दोन सेकंदांनी, खोलीत टाचणी पडली नसताना, पुन्हा पडायचा.

कारण कळायला वेळ लागला. मी डी२ वर इंटरप्ट, म्हणजे पिन हलली की चालू काम सोडून लगेच दखल घ्यायची सोय, वापरत होतो आणि कुलपाच्या काळात तो इंटरप्ट बंद करत होतो. पण आपण इंटरप्ट बंद केला तरी नॅनोमधला एटमेगा३२८ चिप पिनवरची हालचाल बघतच असतो. बंद असताना झटका आला की तो आपल्या वहीत नोंद करून ठेवतो, आणि इंटरप्ट पुन्हा चालू केल्याबरोबर जुनी नोंद वाचून लगेच काम करून टाकतो. म्हणजे फ्लॅशचा झटका दोन सेकंद शिळा करून वाढला जात होता. चालू करण्याआधी ती नोंद पुसावी लागते. त्यासाठीच्या ईआयएफआर रजिस्टरमध्ये त्या इंटरप्टच्या जागी १ लिहिला की नोंद पुसली जाते. ० नाही, १. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे.

खरं सांगायचं तर आता मी इंटरप्ट काढूनच टाकलाय. नॅनोला दुसरं कामच काय आहे? एका घट्ट लूपमध्ये पिन वाचत बसला तरी दर वाचनाला मोजके मायक्रोसेकंद लागतात. अॅनालॉग वाचनाला शंभरेक मायक्रोसेकंद लागतात, तेही या कामाला पुरतात. फक्त लूपमध्ये सिरियल मॉनिटरला (लॅपटॉपवरच्या संदेशांच्या खिडकीत) काही छापत बसू नका. ९६०० च्या वेगानं एक अक्षर जायला एक मिलिसेकंद लागतो, आणि बफर भरला की सगळा लूप तिथेच थांबतो. तपासणीसाठी घातलेली ती एक ओळ मी काढायला विसरलो होतो, आणि फ्लॅश कधी वेळेवर, कधी उशिरा पडायचा.

एकदा पडतो, मग रुसतो

एलईडी दर टाळीला पेटतो, फ्लॅश पहिल्या टाळीला पडतो, मग नाही. फ्लॅश बंद करून चालू केला की पुन्हा एकदा पडतो. सिंक वायर काढून पुन्हा जोडली तरी तेच. सेल बदलून काही होत नाही.

हा दोष ऑप्टोकप्लरच्या निवडीचा आहे. बहुतेक जण एमओसी३०२१ लावतात, कारण तो ४०० व्होल्ट सहन करतो आणि कुठेही मिळतो. मी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून दोन आणले होते. त्याच्या आत ट्रायॅक, म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. ट्रायॅक एकदा चालू झाला की इनपुट काढून घेतलं तरी चालूच राहतो, जोवर त्यातून वाहणारी वीज एका ठराविक मर्यादेखाली जात नाही. एमओसी३०२१ मध्ये ही मर्यादा फार बारीक आहे, साधारण ०.१ मिलिअँपिअर. जुन्या फ्लॅशमध्ये पडल्यावर सिंकचा व्होल्टेज कोसळतो, ट्रायॅक सुटतो, सगळं ठीक. काही नवे फ्लॅश सिंक लाइनवर यापेक्षा थोडी जास्त वीज देत राहतात. मग ट्रायॅक सुटतच नाही. फ्लॅशच्या दृष्टीनं बटण दाबलेलंच आहे, आणि दाबलेलं बटण पुन्हा कसं दाबणार?

खात्री करायची असेल तर फ्लॅश चालू असताना सिंकच्या दोन टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. नव्या फ्लॅशला बहुधा ५ व्होल्टच्या आसपास दिसेल. टाळी वाजवा. फ्लॅश पडल्यावर आकडा परत ५ वर आला तर ठीक, १ ते २ व्होल्टवर चिकटून राहिला तर ट्रायॅक अडकलाय.

कमी व्होल्टेजच्या फ्लॅशला ४एन३५ लावा. त्यात ट्रान्झिस्टर आहे, इनपुट गेलं की लगेच सुटतो. पण तो ३० व्होल्टच्या वर सहन करत नाही आणि त्याला दिशा कळते. कलेक्टर फ्लॅशच्या मधल्या टोकाला, म्हणजे पॉझिटिव्हला, आणि एमिटर बाहेरच्या कडेला. उलटं लावलं तर फ्लॅश पडणार नाही, आणि तुम्ही पुन्हा मॉड्यूलला शिव्या द्याल. खात्रीसाठी आधी मल्टिमीटरनं कुठलं टोक पॉझिटिव्ह ते बघा, वायरच्या रंगावर जाऊ नका.

म्हणून कुठलाही फ्लॅश जोडण्याआधी त्याचा सिंक व्होल्टेज मोजाच. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला एक जुना फ्लॅश आहे, त्यावर मल्टिमीटरनं १८० व्होल्ट दाखवले. याला ४एन३५ लावला असता तर तो त्याच क्षणी गेला असता. असा जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्याच्या हॉट शूवर (डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेवर) थेट चढवू नका, कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. आणि फ्लॅश उघडून आत बघायची हौस असेल तर ती मारा. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो, आणि स्विच बंद केल्यावर, सेल काढल्यावरही तो बराच वेळ राहतो. मोजण्यासाठीही बोटं लावू नका, प्रोब धरा.

एमओसी३०२१ चा आणखी एक बारकावा आहे. त्याला चालू व्हायला १५ मिलिअँपिअरपर्यंत इनपुट लागू शकतं. नॅनोच्या ५ व्होल्टवर ३३० ओहमचा रेझिस्टर लावला तर साडेअकराच मिळतात. मग दहापैकी सात वेळा पडतो, तीन वेळा नाही, आणि माणूस आवाज कमी पडला असं समजतो. २२० ओहम लावा, सतराच्या आसपास मिळतात. नॅनोची पिन तेवढं देते. नाहीतर एमओसी३०२३ आणा, त्याला ५ मिलिअँपिअर पुरतात.

बारीक आवाजासाठी पिझो

शेवटी बिबड्यासाठी मी माइकच सोडला. घड्याळाच्या किंवा खेळण्याच्या बझरमध्ये असते तशी २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती स्वस्तात मिळते. ती थरथरली की व्होल्टेज देते. ती एका फरशीच्या तुकड्याखाली चिकटवली, वर वाटी, वाटीवर बिबडा. हवेतला आवाज तिला फारसा ऐकू येत नाही, फरशीची थरथर मात्र लगेच कळते. कूलर चालू असू दे, भाचा टाळ्या वाजवू दे. चकतीवर टिचकी मारली तर ५ व्होल्टच्या कितीतरी वर जाते, म्हणून पिनकडे जाताना १० किलोओहम आणि ५.१ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज त्याच्या वर जाऊ न देणारा डायोड) हवाच.

मला वाटलं संपलं. रात्री पावणेबाराला फ्लॅश आपोआप पडला. मग पुन्हा दीडला. घर रेल्वेलाइनजवळ आहे, आणि मुंबई-भुसावळ मार्गावरच्या मालगाड्यांना वेळेचं बंधन नाही. गाडी आली की फरशी हलायची, मला न कळता.

चकतीच्या दोन टोकांत सगळीकडे सांगितल्याप्रमाणे १ मेगाओहमचा रेझिस्टर होता. या आकाराच्या चकतीची कपॅसिटन्स साधारण २० नॅनोफॅरड असते, म्हणजे १ मेगाओहमबरोबर ती ८ हर्ट्‌झपर्यंतची थरथर सुद्धा पुढे पाठवते. मालगाडीचा दणका त्यातून आरामात येतो. तो रेझिस्टर १० किलोओहम केला की मर्यादा ८०० हर्ट्‌झवर जाते. बिबड्याचा कडकन तुटण्याचा आवाज त्याच्या वरच बराच असतो, मालगाडीचा खाली. एक रेझिस्टर बदलला आणि गाड्या ऐकू यायच्या बंद झाल्या. जोडीला फरशीखाली चार पदरी गोधडी घातली. संकेत थोडा दुबळा होतो, त्यामुळे पातळी कमी ठेवावी लागते. मी पिझो अॅनालॉग पिनवर वाचतो आणि पातळी प्रोग्राममध्येच आकड्यानं ठरवतो. निळा पॉट या जोडणीत नाहीच.

फ्लॅश फार लवकर पडत असेल, म्हणजे बिबड्याला नुसती चीर दिसते, तर प्रोग्राममध्ये उशीर वाढवा. माइक वापरत असाल तर माइक लांब सरकवा, एक मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद मिळतात. उन्हाळ्यात आवाज वेगानं जातो हे खरं, पण २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर आणि ४४ अंशांना ३५८. एका मीटरला फरक पडतो ०.१२ मिलिसेकंदाचा, त्याचा दोष उन्हाळ्याला देऊ नका. तुकडे पुसट येत असतील तर ट्रिगर नव्हे, फ्लॅशची पॉवर जास्त आहे. फुल पॉवरला उजेड साधारण १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त टिकतो, १/६४ वर १/२०,००० च्या आसपास येतो. जुन्या ऑटो फ्लॅशला पॉवर कमी करायची सोय नसते. त्याच्या सेन्सरसमोर पांढऱ्या कागदाचा तुकडा असा धरा की त्याला स्वतःचाच उजेड परत दिसेल. तो लगेच समाधान मानून उजेड तोडतो.

केकी मूस यांनी याच गावात, स्टेशनजवळच्या घरात बसून टेबलटॉप छायाचित्रं केली. साध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांतून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं. त्यांच्या कामाशी माझ्या बिबड्याची बरोबरी नाही, पण टेबल तेवढंच लागतं.

परवाचा फोटो असा होता. बल्ब, एफ/८, आयएसओ ४००, फ्लॅश १/६४ वर बिबड्यापासून ४० सेंटिमीटर, बाजूनं थोडा मागून, पिझो फरशीखाली, उशीर ४ मिलिसेकंद, कुलूप २ सेकंद. तुकडे वाटीच्या काठापासून बोटभर वर, तीळ सुटे उडालेले, गोळी अजून वाटीत पोचायची आहे. सहा बिबडे लागले, सहाही वेळा फ्लॅश एकदाच पडला. बाहेर मालगाडी जात होती. तुकडे मायनं दुसऱ्या दिवशी तळून दिले.